‘कुटुंब खंबीर आहे’ असं लिहिण्याआधी

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यात जनुकीय आजार असलेल्या मुलांच्या कुटुंबांवर अभ्यास करणारे विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक आणि अशा प्रस्तावांना मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

थॅलेसेमिया (अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही), हिमोफिलिया (रक्तस्राव लवकर थांबत नाही), ड्यूशेन स्नायुक्षय (स्नायू कमजोर होत जातात), डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त). या मुलांच्या घरांपर्यंत वैद्यकीय, नर्सिंग, समाजकार्य आणि मानसशास्त्र अशा सगळ्याच शाखांचे विद्यार्थी येतात. प्रस्तावाच्या शीर्षकात बहुधा ‘रेझिलियन्स’ (संकटात तग धरण्याची क्षमता) असतं, हातात एक प्रश्नावली असते आणि सबमिशनची तारीख जवळ आलेली असते. आम्ही याच मुलांसोबत रोज काम करतो. तुमचा अभ्यास व्हावा अशीच आमची इच्छा आहे, म्हणून हे पत्र.

आमची तक्रार मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. घर तग धरतं ते आईच्या स्वभावावर कमी आणि वेळेवर मिळणारं रक्त, बुडलेली मजुरी, रिक्षाचं भाडं, मूल सांभाळणारी शेजारीण आणि खरी माहिती यांवर जास्त. आईला वीस-पंचवीस प्रश्न विचारून आलेल्या आकड्याला ‘कुटुंबाची क्षमता’ म्हटलं, तर आकडा चुकतोच. शिवाय ‘इथली कुटुंबं खंबीर आढळली’ हे वाक्य पुढे कुणाच्या तरी टेबलावर सोयी न देण्याचं कारण म्हणून वापरलं जातं.

आधी शब्दाचं बघू. ‘रेझिलियन्स’ला पाठ्यपुस्तकी मराठीत ‘लवचिकता’ म्हणतात. स्नायुक्षय असलेल्या मुलाच्या आईला भौतिकोपचारात हा शब्द रोज ऐकू येतो, पण मुलाच्या घोट्याबद्दल. ‘ताण’चंही तसंच. पोटरीला ताण द्यायचा, पंधरा-वीस सेकंद धरून ठेवायचा, आठवड्यातले निदान चार ते सहा दिवस करायचा, असं तिला शिकवलेलं असतं. तिला ‘तुम्हाला ताण कितपत असतो?’ विचाराल तर ‘सकाळ-संध्याकाळ देते की’ असं उत्तर येईल आणि ते तिच्या बाजूनं अगदी बरोबर असेल. ‘प्रतिकारक्षमता’ म्हटलं की लस आठवते. ‘खंबीर’ म्हटलं तर कौतुक होतं आणि कौतुकाला कोणी नाही म्हणत नाही. आमच्या अनुभवात ‘सावरणं’, ‘निभावणं’ आणि ‘तग धरणं’ हे शब्द सर्वांना कळतात. त्यांचे अर्थ मात्र एक नाहीत. पडल्यावर उठणं म्हणजे सावरणं, ओझं घेऊन चालत राहणं म्हणजे निभावणं. थॅलेसेमियाच्या घरात सावरायला वेळच कुठे असतो? तिथे निभावणंच असतं. तुम्हाला यातलं नेमकं काय मोजायचं आहे ते आधी ठरवा.

भाषांतरात आणखी एक खड्डा आहे. कॉनर आणि डेव्हिडसन यांची २००३ची मोजपट्टी सर्रास वापरली जाते. तीत २५ विधानं आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण आणि एकूण १००. ती वापरायला मूळकर्त्यांची परवानगी लागते, हे पुष्कळ जण विसरतात. ही मोजपट्टी एका माणसाची आहे, कुटुंबाची नाही, हेही विसरतात. इंग्रजीतून मराठीत आणि दुसऱ्या माणसाकडून मराठीतून परत इंग्रजीत, एवढं करून अनुवाद ‘प्रमाणित’ झाला असं समजू नका. असा परत फिरवलेला अनुवाद शब्द जुळवतो, समज जुळवत नाही. आठ-दहा आयांसमोर एकेक प्रश्न वाचा आणि ‘यात मी काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हणा. जिथे तिघी तीन अर्थ सांगतील तो प्रश्न बदला. यात दोन दुपारी जातात, पण वर्षभराचं काम वाया जायचं वाचतं.

आणि हे सोलापूर आहे. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बऱ्याच गावांत कन्नड, अनेक मोहल्ल्यांत उर्दू. बाई बाजारात आणि दवाखान्यात मराठी बोलते म्हणून मुलाबद्दलची भीतीही ती मराठीत सांगेल असं धरून चालू नका. तिची भाषा येणारी मुलाखतकार सोबत घ्या. घरातल्या मोठ्या मुलीला दुभाषी करू नका. त्या पोरीला आईच्या तोंडून जे ऐकावं लागतं, ते तिनं तसं ऐकायला नको असतं.

‘कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी’ या पाच पायऱ्याही अनेकींना सारख्याच वाटतात. त्यापेक्षा पाच पेले ठेवा: रिकामा, पाव, अर्धा, पाऊण, भरलेला. बोट दाखवायला सांगा. प्रश्न ‘साधारणपणे’चा न करता काल-परवाचा करा. ‘साधारणपणे कसं चाललंय?’ला ‘देवाच्या कृपेनं बरं आहे’ हे ठरलेलं उत्तर आहे, तो शिष्टाचार झाला. ‘काल रात्री किती वेळा उठलात?’ला मात्र आकडा येतो. चालणं थांबलेल्या स्नायुक्षयाच्या मुलाला रात्री कूस बदलून द्यावी लागते. दोनदा उठणारं घर आणि सहादा उठणारं घर यांतला फरक पंचवीस विधानांतून कळत नाही, तो या एका प्रश्नातून कळतो.

आता वेळेबद्दल, कारण सगळ्यात मोठी गफलत इथे होते. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन साधारण ९ ते १०.५च्या खाली जाऊ द्यायचं नसतं. प्रत्यक्षात गट जुळणारी पिशवी मिळाली नाही की ते सातवर येतं. मूल चिडचिडं होतं, जेवत नाही, शाळेतून लवकर परत येतं. रक्त चढल्यानंतर दुसऱ्या दिवशी तेच मूल गल्लीत क्रिकेट खेळत असतं. विद्यार्थी मुलाखत नेमकी रक्त चढवण्याच्या दिवशी घेतात, कारण त्या दिवशी घर एका जागी सापडतं. वीस किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिलिटरप्रमाणे ३०० मिलिलिटर रक्त द्यायला तीन-चार तास लागतात आणि तेवढा वेळ आई पलंगाशेजारी बसलेली असते. तुमच्यासाठी सोय छान आहे. पण सकाळी पिशवीची वाट बघताना भरलेला फॉर्म आणि दुपारी मुलाच्या ओठांवर रंग आल्यावर भरलेला फॉर्म यांत एकाच आईचे दोन वेगळे गुण येतील. निदान ‘शेवटचं रक्त चढवून किती दिवस झाले’ ही नोंद प्रत्येक फॉर्मवर ठेवा आणि विश्लेषणात तिचा हिशोब धरा. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी घरी जा. महिन्याचीही नोंद हवी. मे महिन्यात कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं कमी, पारा चाळिशीच्या पुढे. रक्ताची टंचाई तेव्हाच असते. मेमधल्या घरांची तुलना दिवाळीनंतरच्या घरांशी करून ‘खंबीरपणात फरक’ काढणं म्हणजे रक्तपेढीच्या साठ्याला स्वभाव म्हणण्यासारखं आहे.

सतत रक्त चढवल्यानं अंगात साचणारं लोह उतरवणाऱ्या गोळ्यांचंही असंच आहे. दहा ते वीस वेळा रक्त चढल्यावर किंवा फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचं रक्तातलं माप) हजाराच्या पुढे गेल्यावर त्या सुरू होतात. डेफेरासिरॉक्सची पाण्यात विरघळणारी गोळी उपाशीपोटी, जेवणाआधी निदान अर्धा तास द्यायची असते. विड्यांच्या कामाला लवकर बसणारी आई आणि सातच्या शाळेला जाणारं मूल यांच्या सकाळीत हा अर्धा तास बसवायचा कुठे? तुमच्या फॉर्मात त्याला ‘औषधपालन: असमाधानकारक’ म्हणतात. गोळीची वेळ बदलून चालेल का, हे डॉक्टरांना विचारून पालनाची अडचण अनेकदा सुटते. ही गोष्ट निष्कर्षात यायला हवी, आईच्या खात्यावर टाकायला नको.

कोण सापडतं आणि कोण सुटतं याचाही विचार करा. ओपीडीत बसून नमुना घेतला तर ओपीडीत येऊ शकणारीच घरं मिळतात. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. महिन्यातून एकदा दोघांचं भाडं आणि दोन रोज मजुरी गेली की काही घरं येणं लांबवतात, काही थांबवतात. ती तुमच्या नमुन्यात नसतात, म्हणून सरासरी चांगली दिसते. दिवाळीनंतर मार्चपर्यंत ऊसतोडीची घरं फडावर असतात, तीही नसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथकं २०१३पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलेल्या मुलांच्या नोंदी असतात. परवानगी घेऊन तिथून सुरुवात करा आणि यायचं थांबलेल्या घरांकडे आशाताईंमार्फत निरोप पाठवा. थेट फोन लावू नका. ‘तुमचा नंबर कुठून मिळाला?’ या प्रश्नाला तुमच्याकडे चांगलं उत्तर नसतं.

बाप तर कुठल्याच नमुन्यात नसतो. मागावरची पाळी सोडून तो सकाळी अकराला फॉर्म भरायला येणार नाही. ‘वडिलांचा सहभाग कमी’ असं लिहिण्याआधी पाळी सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी गेलात का, ते लिहा.

दुसरी घाई म्हणजे सगळे आजार एका पिशवीत भरणं. साठ घरं, चार आजार, चार भाषा. सोळा खणांत सरासरी चारसुद्धा घरं येत नाहीत. त्यातून ‘पी’चं मूल्य (दिसलेला फरक निव्वळ योगायोग असू शकतो का, ते सांगणारा आकडा) काढून काय उपयोग? आणि हे आजार एका चालीने चालत नाहीत. डाउन सिंड्रोममध्ये पहिली दोन वर्षं हृदयाची तपासणी, थायरॉइड, वारंवारचा सर्दी-खोकला यांत जातात; पुढे घर बऱ्यापैकी घडी बसवतं आणि शाळेचा प्रश्न उभा राहतो. ड्यूशेनमध्ये उलट आहे. चार-पाच वर्षांचं मूल पडतं-उठतं, पोटऱ्या भरदार दिसतात, घर निर्धास्त असतं. मग जिना सुटतो, बहुधा बारा-तेरा वर्षांच्या आत चालणं सुटतं. दर वर्षी घराला नव्यानं निभावायला शिकावं लागतं. हिमोफिलियात महिनोन् महिने शांतता आणि मग एका रात्री गुडघा सुजलेला. अशा घरांना एकदाच भेटून गुण देणं म्हणजे नदीचा एक फोटो काढून पूर मोजणं. वेळ आणि पैसा कमी असेल तर एकच आजार घ्या, वीस घरं घ्या आणि सहा महिन्यांच्या अंतरानं तीनदा भेटा. एम. डी.च्या मुदतीत हे बसतं.

खरं तर सिद्धान्तांत हे सगळं आहेच. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी १९४९मध्ये युद्धामुळे ताटातूट झालेल्या कुटुंबांवरून जो आराखडा मांडला, त्यात संकट, हाताशी असलेली साधनं आणि संकटाला दिलेला अर्थ या तिन्हींचं मिळून फळ ठरतं. मॅककबिन आणि पॅटरसन यांनी १९८३च्या सुमारास त्यात साचत जाणाऱ्या ताणांची भर घातली. फ्रोमा वॉल्श यांच्या चौकटीत श्रद्धा, कुटुंबाची घडण आणि संवाद असे तीन भाग आहेत. त्यातल्या घडणीत नातेवाइकांचा आधार आणि पैसा स्पष्टपणे धरला आहे. सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याच्या, पहिल्या प्रकरणात ही नावं असतात. प्रश्नावलीपर्यंत येताना साधनं गळतात आणि स्वभाव तेवढा उरतो.

म्हणून मोजपट्टीसोबत एक पान साध्या नोंदींचं ठेवा. गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पिशवी न मिळता परत जावं लागलं. गेल्या तीस दिवसांत दोघांचे मिळून किती रोज बुडाले. उपचारासाठी उसने किंवा बचत गटातून घेतलेले पैसे अजून फिटायचे आहेत का. आई आजारी पडली तर मुलाची गोळी कोण देतं; हे नाव सांगता आलं नाही, तर तीच सगळ्यात महत्त्वाची नोंद समजा. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे का. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि स्नायुक्षय हे सगळे आहेत, पण ‘पोरगं चालतंय-फिरतंय, त्याला कशाला दाखला’ म्हणून पुष्कळ घरं अर्जच करत नाहीत. आजाराचं नाव घरात कोणाकोणाला माहीत आहे, हेही विचारा. फक्त आई-बापाला माहीत असेल तर ते घर आधाराशिवाय चाललंय, मग गुण कितीही येवोत.

जनुकीय म्हटलं की दोष आलाच. ‘तुमच्या घराण्यात कोणाला होतं का?’ हा प्रश्न सासूसमोर विचारलात तर तुम्ही निघून गेल्यावर त्या घरात काय होतं ते तुमच्या डेटात येत नाही. आई आणि वडिलांना वेगवेगळं विचारा. दोन खोल्यांच्या घरकुलात एकांत नसतो. दुपारी मुलं गेल्यावर अंगणवाडीची खोली मागून घ्या. नात्यातलं लग्न आपल्याकडे नवं नाही, मामाची मुलगी करतात, काही समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं. आतेभाऊ-मामेबहिणीच्या मुलांत दोन्हीकडून एकच जनुक येण्याची शक्यता १/१६, मामा-भाचीत १/८. माहिती म्हणून हे विचारायलाच हवं, पण आवाजात पंचाईत नको. थॅलेसेमिया मेजर दोन्हीकडून जनुक आल्याशिवाय होत नाही, हे तिथल्या तिथे दोघांना सांगा. ड्यूशेनमध्ये साधारण एक तृतीयांश मुलांत बदल नव्यानं झालेला असतो, आई वाहक (आजाराचं जनुक बाळगणारी) नसते. डाउन सिंड्रोमच्या बहुतेक मुलांत दोष कोणाच्या घराण्यातून आलेला नसतो.

आई-वडील दोघंही वाहक असले की मूल आजारी होण्याची शक्यता म्हणून सांगतात तो ‘२५ टक्के’ हा आकडा तर जपून वापरा. ‘चारातलं एक झालं, आता पुढची तीन चांगली’ असा त्याचा अर्थ घेतला जातो. दोन वाट्या घ्या, एक आईची, एक वडिलांची; प्रत्येकीत एक अख्खा आणि एक फोडून पांढरा केलेला चिंचोका टाका. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक उचला. दोन्ही पांढरे आले तर आजार. मग चिंचोके परत वाटीत टाका आणि पुन्हा उचला. ‘परत टाका’ हीच मेख आहे, प्रत्येक गरोदरपणी डाव नव्यानं. पुढचं मूल हवं असेल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या पेशींची तपासणी होऊ शकते, हे सांगायला समुपदेशक सोबत असू द्या. अभ्यासाच्या नावाखाली निरोगी लहान भावंडांची वाहक-तपासणी करू नका. उद्या त्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत तो कागद निघाला तर जबाबदार कोण?

नाव न छापणं म्हणजे गोपनीयता, असंही समजू नका. ‘माळशिरस तालुका, १२ वर्षांचा मुलगा, ड्यूशेन, वडील शिक्षक’ एवढं लिहिलं की गाव ओळखतं. तालुका गाळा, वय गटात द्या, व्यवसाय ढोबळ ठेवा. संस्थेची पाटी लावलेली गाडी गल्लीत नेऊ नका.

समित्यांच्या सदस्यांना थोडं वेगळं सांगायचं आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८पर्यंत सोप्या भाषेतली लेखी संमती लागते. आईची सही झाली की मुलाला कोणी विचारत नाही, त्याच्याच आजाराबद्दल तासभर बोलणं त्याच्यासमोर चालतं. वाचता न येणाऱ्या पालकाच्या अंगठ्याशेजारी वॉर्डातल्याच कर्मचाऱ्याची साक्ष चालवू नका. ज्याच्या हातून उद्या पिशवी मिळणार, त्याच्यासमोर कोणीही हो म्हणेल. भाडं आणि बुडालेल्या वेळेचा मोबदला देता येतो, तरी अंदाजपत्रकात तो रकाना कोरा असतो. दहा तासांत हजार विड्या वळणारी बाई धरली, तर तुमची दीड तासाची मुलाखत म्हणजे तिच्या दीडशे विड्या. तेवढे पैसे धरले नसतील तर प्रस्ताव परत पाठवा.

आणि मुलाखतीत कोणी कोसळलं तर? ‘समुपदेशनाची सोय केली जाईल’ हे वाक्य पुरेसं नाही. कोण, कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, हे संमतीपत्रावर असावं. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापावा. सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्या आईकडे जरा जास्तच लक्ष द्या. ती खरंच सावरलेली असेल, किंवा तिला रडायला अजून कोणी जागा दिली नसेल. मोजपट्टीला हा फरक कळत नाही, त्यासाठी नैराश्याची चाळणी वेगळी लावावी लागते.

शेवटचं मागणं निकालाचं. प्रबंध ग्रंथालयात जमा झाला की घरांच्या लेखी तो संपतो. दोन पानी गोषवारा मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत करून द्या, एक प्रत शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आणि एक रक्त चढवतात त्या वॉर्डात लावा. त्यात सरासरी गुण नकोत. किती घरं पिशवीविना परतली, किती रोज बुडाले, कोणत्या तालुक्यातली मुलं यायची थांबली, हे असावं. त्यावर कोणालातरी काही करता येतं.

प्रश्नावलीचा मसुदा छापण्याआधी आम्हाला दाखवायचा असेल तर आम्ही वेळ देऊ. आधी सांगितलेल्या आठ-दहा आयाही जमवून देऊ. फक्त रक्त चढवण्याच्या दिवशी येऊ नका, दुसऱ्या दिवशी दुपारी दोननंतर या.

आपले,
जनुकीय आजार असलेल्या मुलांसोबत काम करणारे भौतिकोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय समाजसेवक आणि विशेष शिक्षक,
सोलापूर